चार्ज कोणाकडे

कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाला अजून तीन वर्षं होती. मुलगी नववीत होती. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं: रोजच्या बोलण्यातला एक साधा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि घरात-बाहेर तो कोण, कोणत्या अर्थाने वापरतं ते आठवडाभर टिपून ठेवायचं. मुलीने ‘चार्ज’ घेतला. वहीत तीन रकाने आखले: वाक्य, बोलणारा, अर्थ. मी म्हटलं, चौथा रकाना कर, किती वेळा ते लिहायला. ती म्हणाली, “बाबा, नोबडी आस्क्ड फॉर नंबर्स.” आमच्याकडे मी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. त्याची आता सवय झाली आहे.

पहिल्या संध्याकाळीच वहीत पाच ओळी झाल्या. बायको म्हणाली होती, “अगं, माझा फोन चार्जला लाव.” नाशिकहून वडिलांचा फोन आला होता. ते पोस्टातून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, तरी “मी चार्ज दिला त्या दिवशी” असं म्हटल्याशिवाय त्यांची एकही आठवण सुरू होत नाही. मराठी बातम्यांत कुठेतरी लाठीचार्ज झाला होता. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात धन आणि ऋण असे दोन चार्ज होते. पाचवी ओळ माझी होती. मी फोनवर कुणाला तरी म्हणालो होतो, “गुरुवारी लाइन चार्ज करायची आहे.”

“हे काय असतं?” एवढं तिने मराठीत विचारलं.

मी सांगितलं, की केबल टाकली, जोडली, तपासली, तरी ती तोवर नुसती तार असते. तिच्यात पहिल्यांदा वीज सोडली, की आम्ही म्हणतो लाइन चार्ज झाली. त्यानंतर तिला हात लावणारा माणूस जगत नाही.

तिने चौथ्या रकान्याच्या जागेत ‘डेंजरस’ असं लिहिलं.

आम्ही दोह्याजवळ मुऐदरला एका व्हिलाच्या अर्ध्या भागात राहत होतो. मी तेव्हा एका कंत्राटदाराकडे विद्युत विभागात होतो. एका स्टेडियमशेजारी थंड पाण्याचा कारखाना उभा राहत होता. तिथे यंत्रांनी पाणी गार करायचं, ते नळांतून स्टेडियममध्ये न्यायचं आणि त्यावर मैदान थंड ठेवायचं, अशी योजना होती. या यंत्रांना वीज पुरवणारं उपकेंद्र माझ्याकडे होतं. कागदावर माझं पद ‘इन-चार्ज’ असं होतं. म्हणजे मुलीच्या वहीतली सहावी ओळही माझीच.

पुढचं समजण्यासाठी एकच गोष्ट सांगावी लागेल, ती म्हणजे कुलुपांची पद्धत. केबलवर माणसं काम करत असताना वीज सोडण्याच्या खटक्याची किल्ली एका लाल लोखंडी पेटीत ठेवतात. काम करणारा प्रत्येक जण त्या पेटीला स्वतःचं कुलूप लावतो. जितकी माणसं तितकी कुलुपं. कुलपावर त्याचा फोटो आणि नंबर असतो, आणि त्याची एकमेव किल्ली त्याच्याच खिशात असते. काम संपवून बाहेर आला, की ज्याने त्याने आपलं कुलूप काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही, आणि पेटी उघडल्याशिवाय लाइन चार्ज होत नाही. कागदावर सही खोटी होऊ शकते, पण कुलूप दुसऱ्याला काढता येत नाही. म्हणून माझा सगळा विश्वास त्या पेटीवर होता.

त्या गुरुवारी पेटीवर अकरा कुलुपं होती. दुपारी दोन वाजता फोरमनने काम संपल्याचा कागद सही करून आणून दिला. साडेतीनला कामगारांची बस मेसईदला गेली, कंपनीची वसाहत तिकडे होती. चार वाजता मी पेटीपाशी गेलो. दहा कुलुपं निघाली होती, एक तसंच होतं. फोटो मामांचा होता.

मामा वसईचे. केबलची टोकं जोडण्याचं काम करायचे. वय चौपन्न, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांना मामा का म्हणतात हे कुणालाच माहीत नव्हतं. पंजाबी, नेपाळी, मल्याळी सगळे मामाच म्हणायचे. जोडलेल्या टोकावर ते नेहमी शेवटी अंगठा फिरवून बघायचे, जशी बाई पोळीची कड बघते. त्यांनी जोडलेलं टोक चाचणीत नापास झालेलं मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

प्रोजेक्ट मॅनेजर बैरूतचा होता. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मोठ्या पाहुण्यांची मंडळी मैदान बघायला यायची होती, आणि मैदान गार लागायला हवं होतं. पाणी गार व्हायला चौदा तास लागतात हे मीच त्याला सांगितलं होतं. म्हणजे चार ही शेवटची वेळ. तो दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ बघत होता.

“एक कुलूप राहिलंय,” मी म्हटलं.

“विसरला असेल. म्हातारा आहे. कापा.”

कुलूप कापण्याचीही एक पद्धत असते. त्यासाठी एक फॉर्म असतो आणि त्यात तीन प्रश्न असतात. माणूस साइटवर नाही याची खात्री केली का? त्याच्याशी बोलणं झालं का? परत येण्याआधी त्याला कळवण्याची व्यवस्था केली का? खाली एकाच माणसाची सही, इन-चार्जची.

मामांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तीनदा लावला.

साइटवरची सुरक्षा बघणारा सेफ्टीवाला बसची यादी घेऊन आला. बावन्न आसनं, बावन्न ओळी, आणि ज्याच्या त्याच्या आसनापुढे ज्याची त्याची सही. आसन क्रमांक नऊपुढे मामांची सही होती. “सर, ही बघा. साडेतीनच्या बसने गेलेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.” त्याच्या दुसऱ्या हातात कटर होतं.

मी ती सही बघितली. ती मामांची नव्हती.

हे मला कसं कळलं, ते लिहायला मला बरं वाटत नाही. कतारला आलो तेव्हा पहिली तीन वर्षं मी एकटा होतो आणि मेसईदच्या वसाहतीतच राहत होतो. याच बसने जायचो. दुपारची बस दोह्याहून दक्षिणेला जाते, तेव्हा ऊन उजवीकडून येतं. डाव्या बाजूच्या पहिल्या सात रांगांतच एसीचं वारं लागायचं. म्हणजे बावन्नपैकी चौदा जागा माणसाने बसण्यासारख्या होत्या. आम्ही मराठी माणसांनी त्यावर आपला एसटीचा उपाय काढला: जो पहिला पोचेल त्याने सगळ्यांचे रुमाल टाकून जागा धरायच्या. मग कंपनीने सहीची यादी सुरू केली, रुमाल चालेनासे झाले. तेव्हा आम्ही रुमालाऐवजी सह्या टाकायला लागलो. पहिला पोचणारा इतरांच्या सह्या करून ठेवायचा. मामांची सही मी किती वेळा केली ते मी मोजलेलं नाही, पण आठवड्याला दोनदा धरलं तरी तीन वर्षांत अडीचशेच्या पुढे जाते. मामा सही करताना शेवटची रेघ वर उचलतात. मी ती करायचो तेव्हा ती खाली ओढायचो, मला तशीच जमायची. माझ्यानंतर ज्याने हे काम घेतलं त्याने माझीच बघून शिकली असणार. यादीतल्या त्या सहीची रेघ खाली गेलेली होती.

आणि साइटवर आग लागली तर कोण बाहेर पडलंय ते याच यादीवरून मोजायचं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

“ही सही धरता येणार नाही,” मी म्हटलं.

“का?” मॅनेजरने विचारलं.

मी यादी परत हातात घेतली. तो म्हणाला, “ऐक. लाइन चार्ज करायची की नाही हे मी ठरवत नाही, तू ठरवतोस. पण चार्ज नाही केलीस, तर का नाही केलीस हे सकाळी मला सांगावं लागेल. तेव्हा कारण दे.”

“आधी एक फोन करतो.”

बसमध्ये मामांच्या शेजारी बसणारा एक फिटर होता, मालवणकडचा, तिशीतला. त्याचा नंबर माझ्याकडे होता. त्याने लगेच उचलला. मागे बसचा आवाज येत होता.

“मामा आहेत का बसमध्ये?”

“हो साहेब. आहेत ना.”

“फोन दे त्यांना.”

“झोपलेत साहेब.”

“उठव.”

“दमलेत ओ. सकाळपासून खाली होते. मेसईदला पोचल्यावर करायला सांगतो.”

तो खोटं बोलत होता की खरं, हे आवाजावरून कळेना. आमच्यात हे असंच चालायचं. कुणी विचारलं की म्हणायचं, आहे, इथेच आहे, आत्ता उतरलाय, झोपलाय. मीही अनेकांसाठी असंच बोललो होतो. समोर मॅनेजर हात पसरून उभा होता: बघ, आहे म्हणतोय ना.

मी म्हटलं, “हे बघ, सहीचं मी विचारत नाही. सही कुणी केली ते मला माहीत आहे, मीही केल्यात. मी आत्ता लाइन चार्ज करणार आहे. मामांनी जोडलेली लाइन. तुझ्या उजव्या हाताला मामा बसलेत का, तेवढं सांग. बघून सांग.”

बसचा आवाज येत राहिला. मग त्याने आवाज एकदम खाली आणला, आणि त्याचं साइटवरचं मराठी सुटलं.

“बॅग आसा, साहेब. फोन बॅगेतच वाजता हा. ते नाय. मी सीट धरलंय खरा, पण ते इलेच नाय. माका वाटला दुसऱ्या गाडीन येतीत.”

मी फोन ठेवला आणि मॅनेजरला सांगितलं, “तो बसमध्ये नाही. साइटवर आहे.”

“मग सही?”

“खोटी आहे. आम्ही एकमेकांच्या करतो. मीही करायचो.”

सेफ्टीवाल्याने यादी जरा दूर धरून बघितली, जणू ती आत्ताच बदलली होती. मॅनेजर म्हणाला, “ते नंतर बघू. यल्ला, चला, शोधा त्याला.”

केबल जिथून निघते ते तळघर उपकेंद्राच्या खाली आहे. ताठ उभं राहता येत नाही इतकं बुटकं, चाळीस मीटर लांब. आत हवा नाही. मी, सेफ्टीवाला आणि दोन इलेक्ट्रिशियन बॅटऱ्या घेऊन उतरलो. केबलच्या बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वाकून, दोन्ही बाजूंना प्रकाश टाकत आम्ही गेलो. मी “मामा” म्हणून हाका मारत होतो, आणि हाक भिंतीवर आपटून परत येत होती. चौथ्या ओळीत एक बूट दिसला तेव्हा मी रांगत तिथे गेलो. तो कुणीतरी टाकलेला जुना बूट होता. बाराव्या ओळीपर्यंत गेलो. कुणी नव्हतं. वीस मिनिटं गेली होती.

वर आलो तेव्हा शर्टातून पाणी ठिबकत होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“खलास?” मॅनेजरने विचारलं. “तळघर रिकामं आहे. शौचालयं बघितली, जेवणाची जागा बघितली, गेटवरही विचारलं. तो बॅग विसरून पायी कुठेतरी गेला असेल. दुकानात गेला असेल. आता तरी कापूया. मी तुझ्याबरोबर सही करतो.”

एका अर्थी त्याचं बरोबर होतं. धोक्याची एकच जागा होती असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि ती जागा रिकामी निघाली होती. सेफ्टीवाल्याने फॉर्म पुढे केला. पहिल्या प्रश्नापुढे त्याने टिक करून ठेवली होती.

मी पेन हातात घेतलं होतं हे मान्य करतो. पाणी गार व्हायला लागणारे तास मी मनात मोजत होतो: आता चार्ज केली तर सकाळी सात, सातला ऊन फार नसतं, तासभराचा उशीर चालून जाईल. असा हिशोब मनात चालू असताना हात सहीकडे जात होता. तेवढ्यात दुसऱ्या प्रश्नावर नजर गेली. त्याच्याशी बोलणं झालं का? नाही. मी लिहितोय ते खरं नाही, एवढंच डोक्यात आलं. बाकी काही शहाणपण सुचलं नव्हतं.

आणि त्या नाहीवर थांबल्यामुळे मी मामांचा विचार नीट केला. मामा दुपारी दोनला कामाचा कागद सही होताना तिथेच होते. त्यांनी कुलूप मुद्दाम काढलं नव्हतं. विसरले म्हणावं तर अकरा वर्षांत एकदाही विसरले नव्हते. म्हणजे त्यांना परत त्या केबलला हात लावायचा होता. आणि केबलला दोन टोकं असतात.

“दुसरं टोक,” मी म्हणालो.

दुसरं टोक कारखान्याच्या इमारतीत होतं, सहाशे मीटरवर. ते टोक चार दिवसांपूर्वीच जोडून, तपासून झालं होतं. तिथे त्या दिवशी कुणाचंच काम नव्हतं, म्हणून ते आमच्यापैकी कुणाच्या मनातही नव्हतं. आम्ही छोट्या गाडीतून गेलो. मॅनेजर स्वतः चालवत होता.

केबलच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता. पितळी जोडाच्या पेटीचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि मामा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले होते. बॅटरी दातांत धरलेली, उजवा हात कोपरापर्यंत पेटीत.

मी ओरडलो, “हात काढ! हात बाहेर काढ आधी!”

मामांना मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी मान वळवली, बॅटरीचा प्रकाश माझ्या डोळ्यांवर आला. मग हात काढला, बॅटरी तोंडातून काढली आणि म्हणाले, “दोनच मिनिटं, साहेब. तिसरा क्लॅम्प बघत होतो.”

“कुणाला विचारून आलात इथे?”

“कुणाला विचारणार? कागद बंद झाला होता. कामाचं नवीन परमिट मागितलं तर उद्यापर्यंत गेलं असतं. आणि उद्या तुमचे पाहुणे.” ते उठताना भिंतीला धरून उठले. चेहरा लालबुंद झाला होता. “चार दिवसांपूर्वी आवळला तेव्हा जरा शंका आली होती. झोप लागत नव्हती. आणि कुलूप होतं ना माझं पेटीवर. कुलूप असताना कोण चार्ज करतंय?”

सेफ्टीवाल्याच्या हातात कटर तसंच होतं. मामांनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत खाली बसले.

मॅनेजरने त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

लाइन त्या दिवशी चार्ज झाली नाही. पाहुण्यांना भाड्याच्या फिरत्या यंत्रांवर मैदान दाखवलं गेलं. शुक्रवारी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा मुलगी वही घेऊन बसली होती. “बाबा, एनी न्यू वन्स?” असं विचारलं. मी नाही म्हटलं. खरं तर एक नवीन होता. दुपारीच मेल आला होता, त्यात ‘चार्जेस’ हा शब्द होता, आरोप या अर्थाने, आणि चौकशीचा अहवाल मला लिहायचा होता.

शनिवारी मॅनेजरने मला बोलावलं. दार लावून घेतलं. “दोन गोष्टी आहेत,” तो म्हणाला. “परमिट बंद झाल्यावर काम केलं, ही एक. ते लिही. त्याला ताकीद मिळेल, संपलं. बसच्या सह्या ही दुसरी. ती मी ऐकलेली नाही. सेफ्टीवाल्यानेही ऐकलेली नाही. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

मला कळत होतं. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग झालं तर. बसचं लिहायची काय गरज आहे? माणूस वाचला ना?”

मी म्हटलं, “बावन्न सह्या असतात. आग लागली तर बावन्नच मोजतात.”

“आग लागली आहे का?”

“नाही.”

“मग?”

मला तिला पटवता आलं नाही. अजूनही येत नाही. मी एवढंच म्हणू शकलो, की त्या यादीवर भरवसा ठेवून मी पेन हातात घेतलं होतं. पुढच्या वेळी दुसरा कुणी घेईल, आणि त्याला मामांची रेघ वर जाते की खाली हे माहीत नसेल.

मी सगळं लिहिलं. रुमाल, चौदा जागा, माझ्या तीन वर्षांच्या सह्या, अडीचशेचा अंदाज, सगळं. स्वतःचं नाव पहिलं घातलं. मला वाटलं होतं, पहिलं नाव घातल्यावर पहिला मार मला बसेल.

आठवड्याने निर्णय आला. मालवणच्या फिटरला शेवटची ताकीद. मला एक पत्र, आणि इन-चार्जचं काम माझ्याकडून काढून एका तरुण इंजिनिअरकडे. मी त्याला रीतसर चार्ज दिला, वडिलांसारखी यादी करून, दोन पानांची. मामांचा करार संपवला. दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून, असं कारण होतं. सह्या मी अडीचशे केल्या होत्या, त्या दिवशी त्यांच्या नावावर एकच खोटी सही निघाली होती आणि तीही त्यांनी केलेली नव्हती. मी मॅनेजरकडे गेलो, लेखी दिलं. तो म्हणाला, “हे होऊ नये म्हणूनच मी तुला आधी सांगत होतो.” इंजिनिअरला पत्र आणि जोडाऱ्याला परतीचं तिकीट. मला आकडे कळतात, पण हा हिशोब मला आधी मांडता आला नव्हता.

लाइन पुढच्या रविवारी चार्ज झाली. मामांच्या जाण्याला दोन दिवस होते. मला आता उपकेंद्रात उभं राहायचं काम नव्हतं, म्हणून मी कुंपणाबाहेर थांबलो. थोड्या वेळाने मामा येऊन शेजारी उभे राहिले. त्या आठवड्यात ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. चार वाजता आत कुणीतरी इंग्रजीत उलटे आकडे मोजले. धाड असा आवाज झाला, आणि मग ट्रान्सफॉर्मरची एकसारखी घरघर सुरू झाली. मामांनी मान तिरकी करून ती ऐकली. बराच वेळ.

“चांगला चाललाय,” ते म्हणाले.

“मामा, मला सह्यांचं लिहायलाच हवं होतं असं मला वाटलं.”

“हवंच होतं. माझाही भाऊ आहे इथे दुखानला, बसनेच जातो.” ते कुंपणाच्या जाळीला धरून उभे होते. “पण साहेब, तुमच्यामुळे मी आहे, आणि तुमच्यामुळेच चाललोय. बायकोला मी विश्वचषकापर्यंत राहतो म्हणालो होतो. आता घरी काय सांगू? तेवढं सांगा.”

खोटं काही सांगून त्यांचं समाधान करावं असं मला वाटेना. आत लोक टाळ्या वाजवत होते. मामांनी हेल्मेट काढलं, बाहीने कपाळ पुसलं.

“काम संपलं म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “ते खोटं नाही.”